हिशेब यंत्राने ठेवावा

2020 च्या टाळेबंदीत देशभर घराघरांत खेळला गेलेला ‘लुडो किंग’ हा नवी मुंबईचा खेळ. गेमेशन या कंपनीने तो 2016 मध्ये आणला. टाळेबंदीत पुण्यात अडकलेली नात आणि गावाकडचे आजोबा एका पटावर बसले ते या खेळामुळे. सत्तरीतल्या कितीतरी माणसांनी मोबाइलवर पहिल्यांदा काही खेळून पाहिलं तेही त्याच महिन्यांत. म्हाताऱ्या माणसांना मोबाइल जमत नाही, हा समज तेव्हा बऱ्याच घरांत मोडला.

त्याच घरात डिमेन्शिया झालेली आजी असेल तर तिच्या हातात तो मोबाइल देऊन पाहावा. पट तिच्या ओळखीचाच असतो. चार रंग, चार घरं, दान पडलं की सोंगटी पुढे. लहानपणी कवड्या टाकून ती जे खेळली त्याचंच हे नवं रूप. तरीही दोन मिनिटांत ती मोबाइल खाली ठेवते. फासा नखाएवढा असतो. वेळ संपत आल्याची खूण सारखी फिरत राहते. मध्येच जाहिरात उगवते आणि ती बंद करायची फुली मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाही. शेतात राबलेल्या हाताची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात, त्यांचा स्पर्श काचेला नीट कळत नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा न उमटण्याचा त्रास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवीन नाही. घरची माणसं मात्र निष्कर्ष काढतात की आजीला आता काही समजत नाही. दोष खेळाच्या घडणीत असतो आणि तो आजीच्या नावावर जमा होतो.

हा प्रश्न मूठभर घरांचा राहिलेला नाही. देशातल्या ज्येष्ठांच्या आरोग्याच्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाचा डिमेन्शियावरचा भाग ‘लासी-डॅड’ या नावाने ओळखला जातो. त्यावरचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की डिमेन्शियाचं भारतातलं रूप नजरेसमोर येतं. वर्तमानपत्रात कोडी सोडवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकापेक्षा मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवरची, कधी पाटी हातात न धरलेली म्हातारी त्या रूपाच्या जास्त जवळ आहे.

जालना जिल्ह्यातलं अंबड हे अशा शेकडो वाड्या-वस्त्यांच्या तालुक्याचं गाव. मत्स्योदरी देवीची टेकडी, अहिल्यादेवी होळकरांच्या काळातल्या बांधकामांच्या खुणा आणि दत्तजयंतीच्या गाण्याच्या उत्सवाची परंपरा हे त्याचं वैभव. मोसंबी, कापूस आणि ऊस हा त्याच्या पंचक्रोशीचा संसार. इथल्या घरात कुणी रस्ता चुकायला लागलं, जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागायला लागलं, तर पहिली काही वर्षं म्हातारचळ म्हणून निघून जातात. मग कुणीतरी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेतं, निदान होतं, गोळ्या सुरू होतात. त्यानंतर दिवसाच्या उरलेल्या पंधरा तासांचं काय करायचं, याला गोळ्यांत उत्तर नाही.

खेळाचा विचार करायचा तो या पंधरा तासांसाठी. आणि करायचा तर एक गोष्ट आधीच स्पष्ट व्हायला हवी: डिमेन्शिया झालेल्या माणसाने डिजिटल खेळ खेळायचा तो स्मृती परत मिळवण्यासाठी नव्हे, चार माणसांत बसण्याची जागा परत मिळवण्यासाठी. हा फरक वरवर बारीक वाटला तरी खेळ कसा बनवायचा, कुठे मांडायचा, कुणाबरोबर खेळायचा आणि तो यशस्वी झाला हे कशावरून ठरवायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

बाजार मात्र स्मृतीचंच आमिष दाखवतो. ‘ल्युमोसिटी’ ही मेंदूच्या व्यायामाच्या खेळांची अमेरिकेतली गाजलेली कंपनी. आपले खेळ वयानुसार होणारी बौद्धिक घसरण थोपवतात, अशा तिच्या जाहिरातींना पुरावा नाही, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि जानेवारी 2016 मध्ये कंपनीने 20 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. आजार नसलेल्या माणसांवर केलेल्या काही प्रशिक्षणांचे चांगले परिणाम अभ्यासांत दिसले आहेत, हे नाकारायचं कारण नाही. पण ज्याचा आजार सुरू झालेला आहे त्याला एकट्याला मोबाइल देऊन ‘हे रोज अर्धा तास कर, डोकं चालेल’ असं सांगणं म्हणजे त्याच्यावर रोज एक परीक्षा लादणं आहे. तिच्यात तो रोज नापास होतो, आणि नापास झाल्याचं त्याला जाणवतं. कारण विसरलं तरी अपमान मनात मागे राहतो. घरात चिडचिड, रडणं, फोन भिरकावून देणं सुरू होतं त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

गटाने एकत्र बसून करायच्या गोष्टींची बाजू यापेक्षा भक्कम आहे. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली बौद्धिक चालना उपचारपद्धती साधी आहे: पाच ते आठ माणसांचा गट, आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाची बैठक, एकूण चौदा बैठका. त्यात गाणी, जुन्या वस्तू, खाणं, नाणी, शब्दांचे खेळ. ‘हे काय आहे’ असं विचारण्याऐवजी ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारायचं, हा तिचा नियम. तीसहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये घेतला. त्यात सौम्य ते मध्यम डिमेन्शियात अशा बौद्धिक चालनेचा लहानसा पण खरा फायदा दिसला. बौद्धिक घसरण सुमारे सहा महिन्यांनी लांबावी इतका. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने ही पद्धत तमिळ माणसांसाठी बदलून वापरली. सहा महिने ही फार मोठी गोष्ट नाही, असं कुणी म्हणेल. ज्या सुनेला सासूबाईंनी अजून नावाने हाक मारली आहे, तिला विचारावं.

आता संगणकाकडे येऊ. स्कॉटलंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीला डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सर्का’ नावाची एक गोष्ट बनवली. बोटाने चालणाऱ्या पडद्यावर जुन्या काळचे फोटो, गाणी, चित्रफिती. डिमेन्शिया झालेलं माणूस आणि त्याची काळजी घेणारं माणूस शेजारी बसून ते पाहतात, वाटेल ते निवडतात आणि बोलतात. यात हरणं-जिंकणं नाही, बरोबर-चूक नाही. मुख्य म्हणजे यातले फोटो त्या माणसाच्या घरातले नसतात, सगळ्यांच्या आठवणीतले असतात. हे मुद्दाम केलेलं होतं. त्याच संशोधकांपैकी काहींनी नंतर पडताळून पाहिलं, तेव्हा घरच्या फोटोंपेक्षा सर्वसाधारण चित्रांवर माणसं जास्त मोकळेपणाने, जास्त वेगवेगळ्या गोष्टी सांगतात असं दिसलं.

आपल्या घरांतला अनुभव आठवला की याचं कारण कळतं. लग्नाचा अल्बम पुढे ठेवून चारचौघांत विचारलं जातं, ‘सांगा बरं, हा कोण? अहो, तुमचा धाकटा!’ प्रेमाने विचारलेला प्रश्न असतो, पण त्याला एकच बरोबर उत्तर आहे आणि ते हुकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. उलट पडद्यावर मोसंबीची बाग दिसली तर कुणी म्हणेल मृग बहार, कुणी म्हणेल आंबे बहार, कुणी म्हणेल पाणी कमी पडलंय झाडांना. तिघांचंही खरं. चौथं माणूस काहीच न बोलता नुसतं हाताने फळ तोलल्यासारखं करेल, तेही खरं.

हाताची ही स्मृती शब्दांच्या स्मृतीपेक्षा उशिरापर्यंत टिकते. 2006 मध्ये निन्टेन्डोचा ‘वी’ हा खेळसंच बाजारात आला आणि अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत त्याच्यावर बोलिंगचे डाव रंगू लागले. बटणं लक्षात ठेवायची गरज कमी. हात फिरवला की पडद्यावर चेंडू जातो. नेदरलँड्समध्ये हेस्टर ले रीश यांनी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधनातून ‘टोव्हरटाफेल’ म्हणजे जादूचं टेबल घडवलं. छताला लावलेल्या यंत्रातून टेबलावर प्रकाशाची चित्रं पडतात. वाळलेली पानं हाताने सारली की सरकतात, चेंडू ढकलला की समोरच्याकडे जातो. चार-सहा माणसं टेबलाभोवती बसतात. कुणी फक्त पाहिलं तरी चालतं. तासन्‌तास एका जागी निश्चल बसून राहणं हे डिमेन्शियाचं फार सर्रास दिसणारं आणि फार दुर्लक्षित लक्षण. या टेबलाची रचना नेमकी त्याच्यासाठी केलेली आहे. आपल्याकडे अशा यंत्राची किंमत लाखांत जाते, त्यामुळे ते जसंच्या तसं अंबडला आणायचा विचार करू नये. त्यामागची समज मात्र घ्यावी.

इथे एक रास्त शंका येते. एवढं सगळं करायचं तर डिजिटल कशाला? सारीपाट आहे, पत्ते आहेत, सागरगोटे आहेत, गाण्याच्या भेंड्या आहेत. अंबडपासून फार लांब नसलेल्या वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतीसुद्धा सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. पडद्यांचं वेड पोरांना लागलं तेवढं पुरे नाही का?

शंकेत तथ्य आहे आणि जिथे जुना खेळ जमतो तिथे तोच खेळावा. अडचण अशी, की जुना खेळ बराचसा खेळणाऱ्याच्या डोक्यात असतो. पाळी कुणाची, दान किती पडलं, सोंगटी कुठून निघाली, हुकूम कोणता, कुणी काय उतरलं. डिमेन्शियात सगळ्यात आधी निसटतं ते हेच, ताजं आणि तात्पुरतं. मेंढीकोटात पूर्वी कुणाला न ऐकणारे आजोबा तीन हातांनंतर हुकूम विसरतात, जोडीदार वैतागतो आणि पुढच्या रविवारी त्यांना कुणी बोलवत नाही. हे दुष्टपणाने होत नाही. खेळ मोडतो म्हणून होतं. यंत्राचा उपयोग इथे आहे. पाळी कुणाची ते पडद्याने दाखवावं, दान पडद्याने मोजावं, सोंगटी कुठे जाईल ते घर पडद्याने उजळावं, आणि कितीही वेळ लागला तरी पडद्याने थांबावं. माणूस थकतो आणि ‘अहो, किती वेळ’ म्हणतो. यंत्र म्हणत नाही. हिशेब यंत्राने ठेवला की दान टाकल्याचा आनंद, चिडवणं, आरडाओरडा एवढं माणसांकडे उरतं, आणि खेळात राहण्याला तेवढं पुरतं.

गाण्यांचंही तसंच. 2015 मध्ये लायपझिगच्या संशोधकांनी दाखवलं, की फार जुनं ओळखीचं संगीत ज्या भागांत साठतं ते मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतात. ज्या गावात दत्तजयंतीला गाणं ऐकायला माणसं जमत आली आणि ज्या तालुक्यात काकडा, हरिपाठ, सप्ताह वर्षभर चालतात, तिथे ही फार मोठी पुंजी आहे. भेंड्यांमध्ये अक्षर लक्षात ठेवून गाणं शोधायचं म्हणजे पुन्हा परीक्षा. त्याऐवजी पडद्याने चाल सुरू करावी, मध्येच थांबावं, आणि ज्याला येईल त्याने पुढे न्यावं. ज्या बाईला मुलाचं नाव आठवत नाही ती जात्यावरची ओवी पूर्ण म्हणते, असं सांगणारी घरं कमी नाहीत.

मग अंबडला हे कसं दिसेल? जवळपास प्रत्येक गावात मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर असलेली जिल्हा परिषदेची शाळा सापडते, अंगणवाडी असते. एक मोठा पडदा, त्याला जोडलेला एक मोबाइल, बोलणारा आवाज एकाच दिशेने येईल असा एक स्पीकर, आणि हातात धरायला एकच मोठं बटण, जे दाबलं की दान पडतं. सहा-सात माणसं आणि त्यांना ओळखणारी एक सूत्रधार. इंटरनेट लागू नये, कारण ते जाणार. बॅटरीवर चालावं, कारण वीजही जाणार. जाहिरात आणि पैशांचा व्यवहार यांना पूर्ण मज्जाव. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली हे चांगलं झालं, पण फुकट म्हणवणाऱ्या खेळांतसुद्धा नको तिथे बोट पडून रक्कम जाण्याची वाट असतेच.

जागा शाळेची किंवा अंगणवाडीची असावी, देवळाची शक्यतो नको. देवळाच्या सभामंडपात गर्दी लवकर जमेल, पण गावातली काही माणसं तिथे येऊन मोकळी बसणार नाहीत, आणि हा आजार धर्म-जात पाहून होत नाही. बायकांचा गट वेगळा असावा. पुरुषांसमोर सत्तर वर्षं डोक्यावरचा पदर सावरलेली बाई त्याच पुरुषांसमोर दान टाकून टाळी वाजवेल, अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. आणि बैठकीला आजाराचं नाव देऊ नये. ज्येष्ठांचा खेळ एवढंच म्हणावं, धडधाकट ज्येष्ठांनाही बोलवावं; फक्त ज्याला सगळं आठवतं त्याने दुसऱ्याचं उत्तर आधी सांगून टाकायचं नाही, हे सूत्रधाराने गोडीत पण ठामपणे सांभाळावं.

चित्रं मोठ्या माणसांच्या आयुष्यातली हवीत. ज्याने पन्नास वर्षं बैलजोडी सांभाळली त्याला फुगे फोडायला लावणं हा त्याचा अवमान आहे. त्याच्यासाठी पोळ्याला शिंगं रंगवायचा खेळ करावा, आठवडी बाजारात मोसंबीचा भाव करण्याचा करावा, पाभरीने पेरायचा करावा. पण इथे फार जपायला हवं. मराठवाड्यातल्या पंचाऐंशीच्या पुढच्या माणसाचं बालपण रझाकारांच्या काळातलं आहे. सत्तरीतल्या प्रत्येकाने 1972 चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी पाहिलेली आहे. कोरड्या विहिरीचं चित्र एकाला गप्पा सुचवेल, दुसऱ्याला हंबरडा फोडायला लावेल. डिमेन्शियात जुनं दुःख आजचं होऊन समोर येऊ शकतं. म्हणून सूत्रधाराच्या हातात चित्र तत्काळ बदलायची सोय हवी, आणि कुणाच्या आयुष्यात काय घडलं आहे हे तिला आधीच माहीत हवं. हे काम परक्या शहरातून बनून आलेलं सॉफ्टवेअर करू शकत नाही.

भाषेचंही असंच आहे. निजामाच्या राज्यात वरच्या इयत्ता उर्दूत शिकलेले काही वृद्ध अजून आहेत, दख्खनी बोलणारी घरं आहेत आणि कुठलीच लिपी न येणाऱ्या असंख्य बायका आहेत. पडद्यावर अक्षर असूच नये; आवाज असावा आणि तो इकडच्या बोलीतला असावा. याची वाट पूर्वीच्या लोकांनी दाखवलेली आहे. 1995 मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी स्मृतीची पाश्चात्त्य चाचणी बदलली गेली, तेव्हा शंभरातून सात-सात वजा करायला सांगण्याऐवजी वारांची नावं उलट म्हणायला सांगितलं गेलं, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायला. तीस वर्षांपूर्वी एवढं सुचलं होतं. मात्र भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुढे स्मृतीच्या तपासण्यांचा जो बहुभाषिक संच तयार केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. आपल्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी हे मनावर घ्यायला हवं.

सूत्रधार कोण, हा खरा अवघड प्रश्न. आशाताईंवर आधीच इतकी कामं आहेत, की आणखी एक वही त्यांच्या पिशवीत टाकणं योग्य नाही. गोव्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो. बार्देस आणि तिसवाडी तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांसह एक चाचणी केली, ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी डिमेन्शिया असलेल्या घरांत जाऊन सल्ला आणि आधार दिला. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. म्हणजे गावातलीच, बारावी शिकलेली, बचत गटात वावरलेली बाई हे काम करू शकते. तिला प्रशिक्षण आणि नियमित मानधन मिळायला हवं. मानधन ही यातली महत्त्वाची बाब आहे. सेवाभावावर उभा केलेला गट तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

यश कशावर मोजायचं? स्मृतीच्या गुणांवर मोजलं तर निराशाच येईल, कारण आजार पुढे जाणारच आहे. बैठकीत कोण किती वेळा दुसऱ्याशी बोललं, कोण हसलं, कोण पुढच्या वेळी स्वतःहून चपला घालून तयार झालं, रात्री झोप लागली का, आणि घरी सांभाळणारीला तेवढा वेळ स्वतःचा मिळाला का, हे नोंदवावं. शेवटची नोंद घ्यायला माणसं विसरतात. तीच बहुधा सगळ्यात ठोस निघेल.

वेळ सकाळची ठेवावी, कारण दिवस कलला की डिमेन्शिया झालेल्या अनेकांची अस्वस्थता वाढते. आणि सुरुवात उन्हाळ्यात, सगळे घरी असताना करू नये. कापसाची वेचणी सुरू होते तेव्हा घरातली प्रत्येक धडधाकट बाई शेतात जाते आणि म्हातारं माणूस बाहेरून कडी लावलेल्या खोलीत राहतं. पहिली बैठक त्या आठवड्यात भरवावी, आणि पाऊण तासाच्या खेळानंतर शाळेतच चहा-जेवण देऊन ती दुपारपर्यंत चालवावी.